मुंबईत एकट्याने बाहेर जेवायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं काम ऑडिटचं, म्हणजे आज फोर्टात, उद्या अंधेरीला, परवा भिवंडीच्या कुठल्यातरी गोडाऊनमध्ये. डबा रोज होत नाही आणि झाला तरी दुसऱ्याच्या ऑफिसात डबा उघडून बसायचा मला कंटाळा येतो. त्यामुळे गेली चौदा वर्षं आठवड्यातून तीन-चार वेळा मी एकटीच बाहेर जेवते. आमच्या ऑफिसमधल्या ज्युनियर मुली, दोन-तीन मैत्रिणी आणि एक चुलतभाऊ असे सगळे व्हॉट्सॲपवर आलटून पालटून तेच तेच विचारत असतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं. दर लिहिलेले नाहीत, कारण लिहीपर्यंत बदलतात.

एकटं जेवायला बरी जागा म्हणजे शांत, छान, कमी गर्दीचा कॅफेच ना?

नाही ना! सगळे इथेच चुकतात. शांत कॅफेत तुम्ही एकटे आहात हे सगळ्यांना दिसतं, तुम्हाला पण. समोर रिकामी खुर्ची, मंद गाणी, बाजूच्या टेबलावर कपल, आणि वेटर तीनदा येऊन विचारणार "मॅम, कोणी यायचंय का?" त्यापेक्षा जिथे फडका मारेपर्यंत पुढचं गिऱ्हाईक बसतं, जिथे चार खुर्च्यांवर चार अनोळखी माणसं जेवतायत, जिथे मेनू भिंतीवर लिहिलाय, तिथे जा. तिथे एकटं असणं ही बातमीच नसते. माझा साधा नियम आहे, ज्या हॉटेलात टेबल शेअर करायला लावतात ते एकट्या माणसासाठी चांगलं हॉटेल.

पण एकट्याने जेवणं जरा विचित्र नाही का वाटत?

गावाला वाटत असेल, मुंबईत वाटायचं काही कारण नाही, कारण हे शहर एकट्या माणसांना जेवू घालूनच मोठं झालंय. माझे आजोबा संगमेश्वरकडून गिरणीत कामाला आले तेव्हा आजी गावीच होती, लालबागला एका खोलीत बारा-पंधरा गडी, आणि जेवायला खालच्या मजल्यावरच्या बाईंची खानावळ, महिन्याच्या बोलीवर. अशा हजारो बायकांनी गिरणगाव पोसलंय. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते यातूनच. इराण्यांची हॉटेलं, माटुंग्याची उडप्यांची बोर्डिंगं, भुलेश्वर-काळबादेवीच्या गुजराती वीशा (म्हणजे खानावळीच), सगळं मुळात घर सोडून आलेल्या एकट्या माणसासाठी. फॅमिली नंतर आली आणि तिच्यासाठी वेगळी खोली काढावी लागली, दारावर 'फॅमिली रूम' लिहून. म्हणजे आपणच मूळ गिऱ्हाईक. फक्त आपण म्हणजे तेव्हा पुरुष, हे मात्र खरं, त्याबद्दल खाली लिहिते.

सुरुवात कुठून करू?

डोळे मिटून उडप्याकडे. कुठल्याही स्टेशनच्या बाहेर असतोच एक. दुपारी साडेअकरा-बाराच्या पुढे तीनपर्यंत राईस प्लेट मिळते, म्हणजे काय घेऊ काय घेऊ हा प्रश्नच संपला. "एक राईस प्लेट" एवढे तीन शब्द बोलायचे. पुऱ्या की चपात्या एवढंच तो विचारेल. ताट येतं, दोन भाज्या, डाळ, सांबार किंवा रस्सम, दही, पापड, भात. वीस मिनिटांत जेवण, बिल गल्ल्यावर, बडीशेप तोंडात, बाहेर. एसी सेक्शन वेगळा असेल तर तिथे दर थोडा जास्त असतो आणि खुर्च्या मऊ असतात, पण एकट्याला मी खालच्या साध्या सेक्शनलाच पाठवीन, एसीत परत तो शांततेचा प्रॉब्लेम.

वेळ मात्र सांभाळा. फोर्ट, नरिमन पॉइंट, बीकेसी इथे एक ते दोन म्हणजे कत्तल की रात. सव्वाबाराला जा नाहीतर अडीचला.

माटुंग्याबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण तिथे एकटं जेवायची शाळा आहे. स्टेशनला लागून मार्केटच्या वरच्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. जिना चढून जायचं, काउंटरला कुपन घ्यायचं, जागा होईल तिथे बसायचं. शेजारी कोण असेल सांगता येत नाही, कधी खालसा कॉलेजचा पोरगा, कधी पांढरं धोतर नेसलेले आजोबा. मागे एकदा माझ्यासमोर असेच एक आजोबा बसले होते, त्यांनी भाताचं आळं केलं, मधोमध रस्सम ओतलं आणि ते कडेने फुटायच्या आत असं काही पटापट आवरलं की मी माझं जेवायचं सोडून बघत बसले. जाताना म्हणाले, "ताई, रस्सम थंड होतंय तुमचं." एवढंच बोलणं झालं. तिथे लोक असे बोलतात, गरजेपुरतं.

नाश्त्याला राम आश्रय (१९३९), कॅफे मैसूर (१९३६) आणि किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास. रविवारी सकाळी कॅफे मद्रासबाहेर गर्दी बघून पळून येऊ नका. पाच जणांच्या कुटुंबाला जागा व्हायला वेळ लागतो, पण कुठल्यातरी टेबलाला एक खुर्ची रिकामी झाली की "सिंगल कोण आहे?" अशी हाक येते आणि आपण सगळ्यांच्या पुढून ऐटीत आत. एवढ्या एका सुखासाठी मी रविवारी कोणाला बरोबर नेत नाही.

टेबल शेअर करताना काय बोलायचं, काय करायचं?

बसायच्या आधी "इथे कोणी आहे का?" किंवा नुसतं "बसू?" एवढं विचारायचं. समोरचा मान हलवतो. मग संपलं, तुम्ही दोघं एकमेकांचे कोणी नाही. त्याच्या ताटात बघायचं नाही, आपली बॅग टेबलावर ठेवायची नाही, फोन स्पीकरवर घ्यायचा नाही, चटणीचं भांडं आपल्या बाजूला असेल तर न मागता सरकवायचं. समोरच्याचं आधी जेवून झालं आणि आपलं चालू असेल तरी घाई करायची नाही. आणि कोणी फारच गप्पा मारायला लागला, कुठे राहता, मिस्टर काय करतात वगैरे, तर "जरा ऑफिसचा मेसेज आहे" म्हणून फोनमध्ये डोकं घालायचं. तरी थांबला नाही तर वेटरला सांगून जागा बदला, तो काही विचारत नाही, त्याने असले नग रोज बघितलेले असतात.

इराण्याकडे नुसता चहा घेऊन बसलं तर चालतं का?

चालतं, पण गर्दीच्या वेळी नाही. धोबीतलावच्या कयानीत (१९०४ पासून आहे हे, विचार करा) किंवा जवळच्या ससानियनमध्ये दुपारी तीन-साडेतीनला गेलात तर संगमरवरी टॉपचं टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, बन मस्का आणि चहा यावर आरामात अर्धा तास जातो. बन मस्का हे एकट्याने खायचंच खाणं आहे, कारण तो चहात बुडवून खाताना निम्मा वेळ थेंब हनुवटीवर असतो आणि कोणी ओळखीचं समोर नसलेलं बरं. पोटभर पाहिजे तर खिमा पाव. मोबाईल खिशात ठेवा आणि गल्ल्यावरचा माणूस सुट्ट्यांसाठी कशी हुज्जत घालतो ते बघा, चांगला टाइमपास.

बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात (१९२३) बेरी पुलाव एकट्याला जड जातो, भूक घेऊन जा नाहीतर उरलेला पार्सल करा. आणि ते दुपारचंच हॉटेल आहे, संध्याकाळी जाऊन बंद शटर बघून मला शिव्या घालू नका.

मराठी खायचं असेल तर?

दादर. स्टेशनच्या पश्चिमेला मामा काणे, १९१० पासून. शिवाजी पार्काकडे प्रकाश, तिथे साबुदाणा वडा आणि पीयूष. तिथेही टेबल शेअर असतं आणि उगीच रेंगाळत बसलं तर बाहेरच्या रांगेची नजर मानेवर जाणवते, त्यामुळे प्रकाशला निवांत बसायला जाऊ नये, खायला जावं. आस्वादची मिसळ २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हब अवॉर्ड्समध्ये जगातली बेस्ट व्हेज डिश ठरली तेव्हापासून तिथे गर्दीला अंतच नाही, पण एकटा माणूस वीकडेला चार-साडेचारला गेला तर थालीपीठ सुखाने खाऊ शकतो.

एक तक्रार आहे. आपल्या मराठी उपहारगृहांत जेवढं लवकर "अजून काही?" विचारतात तेवढं कोणी विचारत नाही. शेवटचा घास तोंडात असतो आणि बिल टेबलावर. मनावर घेऊ नका, चार जणांच्या ग्रुपला पण असंच करतात.

मासे एकट्याने खावेत का?

एकट्यानेच खावेत! बांगडा थाळी घेतली की दोन्ही हात गुंतलेले, काटा काढायचा, सोलकढीचा घोट घ्यायचा, फोनला हात लावायची सोय नाही, समोर कोणी असेल तर त्याच्याशी बोलताना काटा घशात. माझी आई लहानपणी ओरडायची, "मासे खाताना बोलू नको", ते हॉटेलात एकटं बसल्यावर पटलं. थाळी मुळातच एका माणसाची असते, त्यामुळे जास्त झालं, उरलं ही भानगड नाही. दादरला गोमांतक आणि सिंधुदुर्ग आहेत, बांद्रा ईस्टला हायवे गोमांतक आहे, फोर्टात प्रदीप गोमांतक. फक्त बोंबील कुरकुरीत पाहिजे तर थाळीबरोबर वेगळा सांगावा लागतो आणि ती प्लेट मात्र एकट्याला जास्त होते. मी तरी संपवते.

हात धुवायला उठलं की बॅग आणि जागा दोन्हीचं काय?

हा प्रश्न विचारणारी मुलगी मला फार आवडली कारण एकट्याने जेवण्यातला खरा प्रॉब्लेम हाच आहे, बाकीचे सगळे मनातले. जेवायच्या आधीच उठा. म्हणजे आधी ऑर्डर द्या, वेटरला "हात धुवून येते, जागा माझी आहे" असं स्पष्ट सांगा, पाण्याची बाटली किंवा रुमाल टेबलावर ठेवा आणि पर्स बरोबर न्या. लॅपटॉपची बॅग असेल तर ती पण, कितीही कंटाळा आला तरी. मी एकदा शेजारच्या काकूंना "जरा बघाल का" म्हणून गेले आणि आले तर काकू गेलेल्या, बॅग होती नशिबाने, पण माझ्या निम्म्या डोशासकट प्लेट उचललेली. मग जेवून झाल्यावरच्या हात धुण्याचं काय, तर तेव्हा सगळं घेऊनच उठायचं, बेसिनकडून थेट गल्ल्यावर. बॅग खांद्याला अडकवून डाव्या हाताने नळ सोडायची प्रॅक्टिस होते हळूहळू.

एकटं बघून वाईट जागेवर बसवतात, तेव्हा काय करायचं?

बसवतात खरं. नाव घेत नाही, पण लोअर परेलच्या एका चकाचक ठिकाणी मला बाथरूमच्या दाराला चिकटून असलेलं टेबल दिलं, अर्धं हॉटेल रिकामं असताना. मी बसले. (तेव्हा बसले, आता नाही बसत.) वर स्टार्टर आल्यावर कॅप्टन येऊन म्हणतो, "मॅम, फॅमिली आलीये, तुम्ही हाय स्टूलवर शिफ्ट व्हाल का?" त्या दिवशी मी बिल देऊन उठले आणि खाली टपरीवर वडापाव खाल्ला.

आता मी काय करते, तर "किती जण?" विचारल्यावर "एकच" असं खाली मान घालून नाही म्हणत. "एक, तिथे भिंतीकडे बसते" असं म्हणत म्हणत चालायलाच लागते. तुम्ही जागा मागितली की ते वाद घालत नाहीत, तुम्ही विचारलं की मात्र ते ठरवतात. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, डोक्यावर पंखा किंवा एसी डायरेक्ट नको, किचनच्या वाटेवर नको. जागा मनासारखी नाही मिळाली तर ऑर्डर द्यायच्या आधी उठा, मेनूकार्ड हातात घेतलं म्हणजे लग्न ठरलं असं नाही.

मुलीने रात्री एकटीने कुठे जावं?

पहिलं म्हणजे 'परमिट रूम' लिहिलेल्या ठिकाणी खालच्या सेक्शनमध्ये कम्फर्टेबल वाटत नाही, मला पण नाही वाटत, शूरपणा दाखवायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी 'एसी फॅमिली सेक्शन' वर असतो, तिथे एकटी बाई पण चालते, तुम्हीच तुमची फॅमिली. बियर बरोबर जेवायचं असेल तर कुलाबा बरं, तिथे एकट्या फिरणाऱ्या परदेशी बायका इतक्या वर्षांपासून येतायत की वेटरला सवय आहे. मोंडेगारमध्ये भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, एकटं बसून बघायला अख्खी मुंबई भिंतीवर, प्रत्येक वेळी नवीन एखादा माणूस सापडतो. जुहूला पृथ्वी थिएटरचा कॅफे, नाटकवाली मंडळी एकेकटी स्क्रिप्ट घेऊन बसलेली असतात, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, सगळे आपल्याकडे कोणी बघतंय का एवढंच बघत असतात.

प्रॅक्टिकल गोष्टी म्हणजे पहिल्यांदा जायचं ठिकाण स्टेशन किंवा मेन रोडजवळचं निवडा, टॉयलेट कुठे आहे ते बसतानाच बघून ठेवा, रिक्षा-टॅक्सी बिल दिल्यावर नाही, बिल मागवल्यावर बुक करा म्हणजे बाहेर ताटकळत उभं राहावं लागत नाही.

एकट्याला ऑर्डर जास्त होते, दोन भाज्या, रोटी, भात, कसं जमवायचं?

पंजाबी हॉटेलात एकट्याने जाऊच नका, एवढं सोपं उत्तर आहे. तिथलं सगळं जेवण चौघांनी वाटून खायच्या हिशोबाने असतं, पनीरच्या एका भाजीत माझे दोन दिवस निघतात. जावंच लागलं तर हाफ डाळ, हाफ जिरा राईस विचारा, मेनूत नसलं तरी बरेच जण देतात. नाहीतर उरलेलं पार्सल, त्यात लाज कसली. थाळी, राईस प्लेट, बिर्याणी, डोसा, मिसळ, पावभाजी ही एका माणसाची खाणी आहेत. अनलिमिटेड गुजराती थाळीबद्दल विचारतात, उदाहरणार्थ काळबादेवीचं ठाकर भोजनालय, १९४५ चं. एकट्याने जायला हरकत नाही, फक्त वाढपी सहा आणि ताट एक अशी परिस्थिती होते. आजूबाजूला चर्चा करणारं कोणी नसल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तुमच्या वाटीवर, रिकामी झाली की भरली. हात ताटावर आडवा धरायला शिका.

सर्व्हिस चार्ज लावला तर एकट्याने भांडायचं का?

भांडायची गरज नाही, "हा काढून द्या" एवढं म्हणायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलवाल्यांनी सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, तो वेगळा. टिप तुमच्या मनावर. मी उडप्याकडे दहा-वीस ठेवते, नेहमीच्या ठिकाणी जरा जास्त, कारण पुढच्या वेळी पंख्याखालची जागा त्यातूनच मिळते.

मॉलचं फूड कोर्ट?

सेफ आहे, कोणी "किती जण" विचारत नाही, टॉयलेट स्वच्छ. पण ट्रे हातात, बॅग खांद्यावर आणि जागा शोधत फिरायचं यात जेवण गार होतं. पावसाळ्यात ठीक.

पुण्यात आहे, इथे काय?

पुणेकरांनी मला विचारावं म्हणजे कमालच. डेक्कनला गुडलक (१९३५), टिळक रोडला बादशाही बोर्डिंग (१९३२), लक्ष्मी रोडला पूना गेस्ट हाऊस. बादशाहीला कोणाच्याही शेजारी बसावं लागतं आणि ते माझ्या नियमात बसतं. बाकी तुमचं तुम्ही बघा.

मी आजपर्यंत कधीच एकटीने गेले नाहीये. अगदी पहिल्यांदा, नक्की काय करू ते सांग.

वीकडे घे, शनिवार-रविवार नको. पोटात थोडी भूक ठेवून चारच्या सुमाराला माटुंगा सेंट्रलला उतर, ईस्टला बाहेर ये, राम आश्रय विचार, कोणीही दाखवेल. त्या दिवशीचा शिरा कुठला ते बोर्डावर असतं, अननसाचा असला तर सोडू नको. एक शिरा, एक इडली, एक फिल्टर कॉफी. समोर कोणी बसलेलं असेल तर "बसू?" म्हण. कॉफी डबर्‍यात (पेल्याखालच्या खोलगट वाटीत) ओतून थोडी वर-खाली कर, पहिल्यांदा सांडतेच, माझीही ओढणीवर सांडली होती. आणि सुट्टे ने, पाचशेची नोट काढलीस तर गल्ल्यावरचा जे तोंड करेल त्याला मी जबाबदार नाही.